चौथी रिंग

गोरेगावच्या एका हायस्कुलात रेवाराम उईके सव्वीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, तास सुरू व्हायच्या आधी टेबलं पुसायची, एवढंच त्याचं कागदावरचं काम. पण या शाळेतून शिकून गेलेल्या कुणालाही विचारलं, तर नळ्या-बाटल्या कुणाला आठवत नसत. आठवायची ती रेवारामची लाकडी वीट.

ती वीट त्यानेच सागाच्या एका तुकड्यातून घडवली होती. त्याचा बाप दरेकशाकडच्या जंगलात तोडीच्या कामावर होता, त्यामुळे लाकूड कुठून फाटतं आणि कुठून फाटत नाही हे रेवारामच्या बोटांना लहानपणीच कळलेलं. विटेची वरची बाजू तांबडी, समोरची पिवळी आणि उजवीकडची निळी. गणिताचे घनश्याम कटरे सर फळ्यावर सुंदर लिहायचे, पण वस्तू हातात घेतली की त्यांची बोटं थरथरायची. म्हणून दरवर्षी नववीच्या वर्गात ते रेवारामला बोलवायचे. रेवाराम बाह्या दुमडून टेबलाजवळ उभा राहायचा. वीट आधी पुढे कलंडायची, मग पाव फेरा वळवायची. मुलांसमोर निळी बाजू यायची. वीट पुन्हा पहिल्यासारखी ठेवायची. आता आधी पाव फेरा आणि मग कलंडणं. दोन्ही वळणं तीच, फक्त क्रम उलटा, आणि मुलांसमोर यायची तांबडी. मुलं चक्रावून जायची. मग रेवाराम त्याचं वाक्य बोलायचा, "बेरजेले मागंपुढं चालते. वळवाले नाही चालत." हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. एवढं सोपं करून मला सांगता आलं नसतं, असं कटरे सर वर्गातच कबूल करायचे, आणि तेवढ्या शिदोरीवर रेवारामचं वर्ष निघायचं.

कटरे सर निवृत्त झाले आणि त्या जूनमध्ये रीना बिसेन मॅडम आल्या. गोंदियाच्या, एम.एस्सी. झालेल्या, वय सत्तावीस, रोज स्कुटीवर ये-जा करणाऱ्या. पहिल्यांदा त्यांनी वीट मागवली तेव्हा रेवाराम ती पुसून, तेलाचा हात फिरवून घेऊन गेला आणि बाह्या दुमडून नेहमीच्या जागी उभा राहिला. मॅडमनी वीट त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "भैया, एक डस्टर मिळेल का?" तो डस्टर आणायला गेला. परत आला तेव्हा वीट दोन्ही वेळा वळवून झाली होती आणि मुलं वहीत लिहीत होती. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. मॅडमच्याही नाही. रेवारामने डस्टर टेबलावर ठेवलं, बाह्या खाली केल्या आणि तो निघून गेला.

मॅडमच्या हातात कला होती, हेच त्याला जास्त खुपायचं. त्या नुसत्या बडबडणाऱ्या असत्या, तर त्याने त्यांना मनातल्या मनात माफ केलं असतं. पण त्या वस्तू अशा धरायच्या की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसावं. एके दिवशी त्यांनी वडिलांचा रुंद कातडी पट्टा आणला. त्याचं एक टोक टेबलाच्या शिकंज्यात आवळलं आणि दुसऱ्या टोकाला एक जाड पुस्तक बांधलं. पुस्तकाला एक पूर्ण फेरा दिला, पट्ट्याला पीळ पडला. पुस्तक हवं तिकडे न्या, पट्ट्याच्या वरून न्या, खालून न्या, पण फिरवू नका, आणि हा पीळ काढून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. चार मुलांनी खटपट केली. पीळ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जायचा, पण सुटायचा नाही. मग मॅडमनी त्याच दिशेने आणखी एक फेरा दिला. मुलं हसली, आता तर गाठच बसणार. मॅडमनी पुस्तकाचं तोंड जराही न वळवता ते पट्ट्याच्या भोवती एकदा नेलं, आणि दोन्ही पीळ एकदम उलगडून पट्टा सपाट झाला.

"एका फेऱ्यात पुस्तक जागेवर आलं, असं आपल्याला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण ते ज्याला बांधलेलं आहे, त्याचा हिशेब दोन फेऱ्यांनी मिटतो."

रेवाराम दाराशी ट्रे घेऊन उभा होता. तो सामानाच्या खोलीत गेला, दार लोटलं, कमरेचा पट्टा काढला आणि एका हाताने पँट सावरत तो प्रयोग करून पाहिला. एका फेऱ्याला पीळ राहिला. दोन फेऱ्यांना गेला. त्याने पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तसंच झालं. एरवी अशी गोष्ट हाती लागली असती तर तो दिवसभर खुशीत राहिला असता. आज त्याला एवढंच वाटलं की पट्टा आपल्याही कमरेला सव्वीस वर्षं होता, आणि ही कालची पोरगी येऊन आपल्याला तो दाखवून गेली.

त्यानंतर वाटीचा प्रयोग आला. मॅडमनी उजव्या तळहातावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली. हात काखेखालून आत वळवला. वाटीचा एक फेरा पूर्ण झाला तेव्हा कोपर छताकडे तोंड करून वाकडं झालेलं. तसाच पुढे तो हात डोक्यावरून नेला, दुसरा फेरा झाला, आणि हात पहिल्यासारखा सरळ. पाण्याचा थेंब सांडला नाही. दुपारच्या सुट्टीत शाळेची पोरं खिचडीच्या थाळ्या तशाच फिरवायला लागली. स्वयंपाक करणाऱ्या गीताबाईने झाडू उगारून पोरांना पळवलं आणि सांडलेली खिचडी रेवारामला झाडायला लागली. झाडता झाडता त्याला वर्गातून मॅडमचा आवाज आला. त्या दुसऱ्या तुकडीला सांगत होत्या, "बेरजेला मागंपुढं चालतं, वळवण्याला चालत नाही." वाक्य त्यांना गेल्या वर्षीच्या मुलांकडूनच मिळालं असणार. ते कुणाचं आहे हे मुलांनी सांगितलं नसेल, किंवा त्यांनी विचारलं नसेल. रेवारामचा झाडू तिथल्या तिथेच फिरत राहिला.

घरी गेल्यावर त्याने बायकोकडे, नंदाबाईकडे, स्टीलची थाळी मागितली. थाळीत भात घेतला आणि अंगणात उभा राहिला. पहिला फेरा जमला. दुसऱ्याला हात डोक्यावर न्यायचा होता आणि तिथे त्याचा खांदा अडला. आठ वर्षांपूर्वी भिंतीवर तक्ता लावताना तो स्टुलावरून पडला होता, तेव्हापासून उजवा हात कानाच्या वर जात नसे. थाळी उलटी झाली आणि भात कोंबड्यांनी खाल्ला. तीन वेळा हेच झालं. नंदाबाई सूप घेऊन बसली होती. ती उठली, त्याच्या हातातली थाळी घेतली, तिच्यात मूठभर तांदूळ टाकले आणि एकदा बघून, एकदा चाचपून, तिसऱ्या खेपेला पूर्ण दोन फेरे मारून दाखवले. दाणा पडला नाही.

रेवारामने तिला थाळी आत ठेवायला सांगितली. शेजाऱ्यांसमोर असले चाळे करू नको, असंही म्हणाला. नंदाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुमी त्या मॅडमवर जळून राहिले का जी?"

तो म्हणाला, तसं काही नाही.

"मंग आता मायावर कायले जळता?" असं म्हणून ती पुन्हा सूप पाखडायला बसली.

त्याने मनाशी एक ठरवलं. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. तिथे विद्यार्थ्यांचा एक गट असतो, शिक्षकांचा एक, आणि प्रयोगशाळा परिचरांचा एक. परिचरांच्या गटात सहसा कुणी भाग घेत नसे. रेवारामने हेडमास्तरांकडे नाव दिलं. मॅडमनी शिक्षकांच्या गटात दिलं होतं. गट वेगळे, बक्षिसं वेगळी. पण लोक कुणाच्या टेबलापाशी थांबतात, हे सगळ्यांनाच दिसणार होतं.

स्टँडजवळ भैयाजीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडच्या मोडक्या सायकलींमधून रेवारामने लहान पोरांच्या सायकलींच्या तीन रिंगा निवडल्या, एकीत दुसरी आणि दुसरीत तिसरी बसेल अशा. आरे काढून टाकले. मोडक्या बाकाच्या सागाची उभी चौकट केली. सर्वांत बाहेरची रिंग चौकटीत अशी बसवली की ती दारासारखी डावी-उजवीकडे फिरावी. मधली तिच्यात अशी की ती झोपाळ्यासारखी पुढे-मागे कलावी. आतली मधलीच्या आत, तिसऱ्या दिशेने. प्रत्येक रिंग ज्यावर फिरते त्या आसाला, म्हणजे धुरीला, खिळ्यांऐवजी पेडलच्या बेअरिंगा घातल्या. आणि आतल्या रिंगेच्या बरोबर मध्ये वीतभर लांबीचा सारस पक्षी कोरून बसवला, अंग राखाडी, डोकं लाल, चोच लांब पुढे. बाहेरची रिंग फिरवली की सारस मान न हलवता चौफेर बघायचा. मधली फिरवली की चोच वर-खाली. आतली फिरवली की तो एका पंखावरून दुसऱ्या पंखावर लोळायचा. सहा आठवडे त्याच्या रविवारच्या सुट्ट्या त्यात गेल्या. नंदाबाईसुद्धा सारसाकडे बघून म्हणाली की हा आता उडून जाईल.

मॅडमचं सामान एका पत्र्याच्या पेटीत होतं. त्यात पट्टे होते, रंगीत फिती होत्या, आणि सहा दोऱ्यांनी चौकटीत टांगलेला एक लाकडी ठोकळा होता, ज्याला दोन फेरे दिले की गुंतलेले सहाही दोरे सुटायचे. प्रदर्शन तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत होतं. मॅडम गोंदियाहून परस्पर तिथे जाणार होत्या. आदल्या दिवशी त्यांनी रेवारामला सांगितलं की पेटी कपाटात आहे, सकाळी गाडीत तेवढी घ्याल. कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असायची.

सकाळी गाडी दारात लागली. रेवारामने स्वतःच्या रिंगा चादरीत गुंडाळून आधी चढवल्या. मग कपाट उघडलं. पेटी समोरच होती, वर मॅडमचं नाव. तो तिच्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. बाहेरून ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. रेवारामने कपाट बंद केलं, किल्ली फिरवली आणि गाडीत जाऊन बसला. वाटेत दोनदा त्याला वाटलं की गाडी थांबवावी. दोन्ही वेळा त्याने खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्यांकडे बघितलं आणि गाडी पुढे गेली.

तिथे मॅडम वाट बघत होत्या. पेटी विसरली, असं त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं त्या ओरडतील किंवा रडतील. मॅडमनी फक्त घड्याळ बघितलं, परत जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. त्या उठून नाश्त्याच्या मंडपात गेल्या आणि तिथून गरम पोह्यांची एक थाळी घेऊन आल्या. आपल्या रिकाम्या टेबलामागे उभ्या राहून त्यांनी ती तळहातावर ठेवली आणि काखेखालून, डोक्यावरून फिरवली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांच्यासमोर वीस माणसं होती, दहाव्या वेळी नाश्त्याचा मंडप रिकामा झाला होता. शिक्षक आले, पोरं आली, पोहे वाढणाऱ्या बायाही आल्या. एका शेजारच्या शाळेच्या हेडमास्तरांनी स्वतः करून बघितलं आणि पोहे त्यांच्याच खिशात गेले, तेव्हा तर हसण्याने छत उडायची वेळ आली. पेटी आली असती तर एवढी गर्दी झाली नसती, हे रेवारामला दिसत होतं. त्याच्या टेबलासमोरची दोन पोरंही सारसाला एक टिचकी मारून तिकडे पळाली.

अखेर परीक्षक आले. एक वयस्क प्राध्यापक होते आणि एक बाई. रेवारामने एकेक रिंग फिरवून दाखवली. प्राध्यापक खूश दिसले. हा पक्षी कुठल्याही दिशेला वळू शकतो ना, असं त्यांनी विचारलं. रेवाराम ठासून हो म्हणाला. मग चोच सरळ आभाळाकडे करा, त्यांनी सांगितलं. त्याने मधली रिंग फिरवली आणि चोच वर केली. आता इथूनच पक्ष्याला त्याच्या डाव्या पंखावर कलता करा.

रेवारामने आतली रिंग फिरवली. सारस उभ्या उभ्या गरकन फिरला, कलला नाही. बाहेरची फिरवली. तोच गरका. दोन रिंगा एकच काम करत होत्या, आणि जे काम हवं होतं ते एकीलाही येत नव्हतं. त्याने हाताने जोर लावला. मधल्या रिंगेची धुरी वाकली आणि कर्र आवाज झाला. सहा आठवड्यांत त्याने चोच सरळ वर करून असं कधी करून बघितलंच नव्हतं. बेअरिंग खराब निघाली, असं तो पुटपुटला. परीक्षक बाई वहीत काही लिहू लागल्या.

"बेअरिंगची चूक नाही, सर," मागून आवाज आला. रीना मॅडम होत्या, हातात रिकामी थाळी. "तीन रिंगा आहेत म्हटल्यावर अशी एक जागा येणारच. आतल्या रिंगेची धुरी बाहेरच्या रिंगेच्या धुरीवर येऊन बसते, मग तीनच्या दोनच उरतात. कुणीही कितीही चांगलं बनवलं तरी हे टळत नाही. उलट यांनी ते इतकं स्पष्ट बनवलंय की मला वर्गात फळ्यावर समजवता येत नव्हतं ते इथे डोळ्यांना दिसतंय."

प्राध्यापकांनी चष्मा वर करून पुन्हा रिंगा फिरवल्या आणि मान डोलावली. दोघं बराच वेळ बोलत राहिले, प्राध्यापक आणि मॅडम. रेवाराम आपल्याच टेबलाच्या कडेला उभा होता. त्याची चूक नाही हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. पण ते त्याला मॅडमच्या तोंडून ऐकावं लागलं. त्याच्याच सारसावर त्या बोलत होत्या, आणि पुन्हा एकदा लोक त्यांच्याकडे बघत होते. मॅडमना शिक्षकांत पहिला नंबर मिळाला. रेवारामला परिचरांत तिसरा. भाग घेणारे चौघं होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. पेटी जिथल्या तिथे होती, पुढच्याच फळीवर.

"ही विसरण्यासारखी जागा नाही, रेवारामभाऊ."

त्याने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "विसरलो नव्हतो."

"काऊन मग?" मॅडम गोंदियाच्या, एरवी हिंदी मिसळून बोलायच्या, पण रागात त्यांच्या तोंडून 'का'च्या जागी घरचा शब्द आला.

सव्वीस वर्षांचं सगळं त्याला एका दमात सांगता आलं नाही. कटरे सर, दुमडलेल्या बाह्या, डस्टर, वाक्य, यातलं काहीच तोंडातून निघेना. शेवटी तो एवढंच बोलला, "ती वीट मी दाखवत होतो."

मॅडमना ते कळलं की नाही, त्याला समजलं नाही. त्यांनी पेटी उचलली आणि सांगितलं की यापुढे कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे राहील. हेडमास्तरांकडे त्या गेल्या नाहीत. पण त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. काही हवं असलं तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायच्या. जानेवारीचा निम्मा महिना असाच गेला. रेवारामला वाटायचं की त्या आपल्यावर रागावल्या हे ठीक झालं, आता आपल्यालाही त्यांच्यावर रागावायला मोकळीक आहे. तरी दर चिठ्ठी तो दोनदा वाचायचा.

मग एके दिवशी आठवडी बाजारातून येताना भैयाजीने त्याला हाक मारली. तुझ्या शाळेच्या मॅडम येऊन गेल्या, तो म्हणाला. त्यांना जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी तुझ्यासारख्याच रिंगा बनवून हव्यात, पण तीन नाही, चार. चौथी सर्वांत बाहेर. मोठ्या सायकलची रिंग मी काढून ठेवली आहे, उद्या वेल्डिंग करतो.

रेवाराम तिथेच थबकला. चौथी रिंग. तीन रिंगा जिथे अडतात तिथून सुटायला बाहेरून आणखी एक, हे त्याला स्वतःला का सुचलं नाही, हा एक चटका. आणि दुसरा मोठा, त्यांनी ते काम भैयाजीला दिलं. भैयाजी पंक्चर चांगलं काढायचा, पण त्याचं वेल्डिंग म्हणजे भाताच्या ओबडधोबड डिखळासारखं. तो बेअरिंग हातोडीने ठोकणार, रिंग लंबगोल करणार आणि त्या हिंदकळणाऱ्या सांगाड्याला जिल्ह्यात गोरेगावची वस्तू म्हणून लोक बघणार. आजवर रेवाराम मॅडमवर जळला होता. आता त्या दुपारी तो चक्क भैयाजीवर जळला.

"ही रिंग मी घेऊन जातो," तो म्हणाला. भैयाजी म्हणाला, त्या मॅडमचं काम आहे. रेवाराम म्हणाला, माझंही आहे, आणि रिंग खांद्याला अडकवून चालायला लागला.

पुढचे बारा दिवस त्याने शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतच काम केलं. वाकलेली धुरी बदलली. चौकट उंच केली. चौथी रिंग तिच्यात आडव्या धुरीवर बसवली आणि बाकीच्या तीन तिच्या पोटात. हे काम तो कुणाच्या भल्यासाठी करत नव्हता. नंदाबाईने विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं की दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला बघवलं नसतं. ती म्हणाली, मग ठीक आहे, कसं का होईना पण होऊ द्या.

तिसऱ्या दिवशी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. चिठ्ठी नव्हती. भैयाजीकडून कळलं, म्हणाल्या. रेवारामने मान वर न करता सांगितलं की यंत्राच्या पाटीवर माझंही नाव पाहिजे. मॅडम म्हणाल्या, तुमचं आधी लिहू. नाही, तो म्हणाला, बाजूला लिहा. आधी लिहिलं तर लोक म्हणतील मागून घेतलं. बाराव्या दिवशी दोघांनी सारसाची चोच वर करून तिन्ही रिंगा अडकवल्या आणि बाहेरून चौथी हलवली. सारस सावकाश डाव्या पंखावर कलला. मॅडमनी वाकून खालून बघितलं. चांगलं झालंय, त्या म्हणाल्या, आणि पेटीबद्दल मी अजून विसरलेले नाही. रेवाराम म्हणाला, मीही नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोघं सामान घेऊन गोंदियाला गेले. प्रदर्शनाचं सभागृह मोठं होतं, हिंदी-मराठीचा एकच कल्लोळ. आधी मॅडमनी थाळी फिरवली, पट्टा उलगडला, नेहमीसारखी गर्दी जमवली. मग सारसाची पाळी आली. मॅडम बोलत होत्या आणि रेवाराम रिंगा फिरवत होता. तीन परीक्षक होते. त्यातल्या एकाने विचारलं की चार रिंगा झाल्यावर हे यंत्र कधीच अडकत नाही, असं म्हणायचं का.

"नाही, मग अडकत नाही," मॅडम चटकन म्हणाल्या.

"अडकते जी," रेवाराम म्हणाला.

परीक्षक त्याच्याकडे वळला. रेवारामने बारा दिवस हाताने हे सगळं केलं होतं. कुठे जड लागतं, कुठे सैल पडतं, हे त्याच्या बोटांत बसलं होतं. त्याने मधलीची धुरी चौथ्या रिंगेच्या धुरीच्या रेषेत आणली, चोच वर केली आणि दाखवलं की सारस पुन्हा नुसता गरकन फिरतो. "पहा जी, चारही हायेत, तरी अडकली. चौथीचा फायदा इतकाच, का तुमी आधीच ओळखून तिले बाजूले केली, तर बाकीच्या अडकत नाहीत. पाहणाऱ्याचं ध्यान पाहिजे. ध्यान नसलं तर दहा रिंगा लावा." मग त्याने पहिल्यापासून सुरू करून चौथी वेळेवर हलवली आणि सारस न अडकता पंखावर कलला.

परीक्षक हसला आणि त्याने पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मागच्या लोकांनाही बघायचं होतं. कुणीतरी स्टूल आणलं. एका बाईने रेवारामला विचारलं की सारस तुम्हीच कोरला का, तर दुसऱ्याने विचारलं की बेअरिंग कुठली आहे. रेवाराम बाह्या दुमडून एकेकाला दाखवत राहिला. पाच-सात मिनिटांनी त्याने सहज मॅडमकडे बघितलं. त्या टेबलाच्या कडेला उभ्या होत्या, जिथे तालुक्याला तो उभा होता. तोंडावर हसू होतं, पण ते डोळ्यांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. एक हात उगीच बाहेरच्या रिंगेवर ठेवलेला, जणू पुढची फेरी आपणच मारणार. ते हसू आणि तो हात रेवारामला नीट ओळखता आला. गेले आठ महिने त्याच्या स्वतःच्या मनात हेच चाललं होतं.

पहिल्यांदा त्याला आतून गुदगुल्या झाल्या. मग त्याला मॅडम एकदम लहान वाटल्या, सत्तावीस वर्षांची पोरगी, एवढ्या माणसांसमोर चुकीचं उत्तर देऊन बसलेली. तो जरासा बाजूला सरकला आणि म्हणाला, मॅडम, आतली तुम्ही धरा. त्यांनी धरली. दोघांनी मिळून सारस फिरवला आणि तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला.

तेवढ्यात त्याच परीक्षकाने आणखी एक प्रश्न विचारला. मॅडम तोंड उघडत होत्या. पण रेवारामला उत्तर माहीत होतं, आणि त्याने ते आधी देऊन टाकलं.